म्हातारपणाची काठी

गेल्या दिवाळीनंतर आठ-दहा दिवसांनी गावाहून ती. नानांचे पत्र आले. दूरध्वनीवर केवळ खुशाली विचारावी, महत्त्वाचे ते कागदावरच लिहावे, असा नानांचा जुना दंडक आहे आणि वयाच्या ७४ व्या वर्षीही तो त्यांनी मोडलेला नाही. पत्रात पाऊसपाणी, आईचे गुडघे, शेजारच्या घरचे लग्न असा नेहमीचा मजकूर होता आणि अखेरीस दोन ओळी होत्या. राहते घर व मागची जागा तुझ्या नावे बक्षीसपत्राने करून टाकावी असे मनात आहे. सुट्टीत येशील तेव्हा तालुक्याला जाऊन दुय्यम निबंधकांकडे काम उरकून घेऊ, म्हणजे मी मोकळा झालो.

वाचकहो, बापाने घर देऊ करावे आणि मुलाने त्या पत्राचे उत्तर दोन महिने लांबवावे, ह्याचे आपणांस आश्चर्य वाटेल. मलाही वाटले. परंतु त्यास एक कारण घडले होते. त्यापूर्वी काही महिने, २०२५ च्या मार्चमध्ये, मद्रास उच्च न्यायालयाने दिलेला एक निवाडा आमच्या नुंगंबाक्कमच्या कचेरीत जेवणाच्या सुट्टीत बरेच दिवस चर्चेचा विषय होऊन राहिला होता. नागपट्टणमच्या एका वृद्ध मातेने आपली मिळकत मुलाच्या नावे 'सेटलमेंट डीड' करून दिली होती. मुलगा व सून आपल्याला अखेरपर्यंत सांभाळतील, एवढीच तिची अपेक्षा. पुढे मुलगा वारला आणि सुनेने सासूकडे पाठ फिरविली. म्हातारीने महसूल अधिकाऱ्याकडे अर्ज केला. त्याने दस्त रद्द केला. सुनेचे म्हणणे असे की, सांभाळण्याची अट दस्तात कोठेही लिहिलेली नाही. उच्च न्यायालयाने ते म्हणणे मानले नाही. प्रेम व ममता ह्यांपोटी केलेल्या दानात सांभाळाची अट लिहिलेली नसली तरी ती गर्भित असते, असा त्या निकालाचा मथितार्थ आहे. आमच्या विभागातील एक वयस्क तमिळ गृहस्थ डबा उघडता उघडता म्हणाले, "म्हणजे आता माया हीदेखील दस्तातली अट झाली म्हणायची!"

ते वाक्य माझ्या मनात घर करून बसले. आईबापांचा सांभाळ ही गोष्ट आपल्याकडे धर्माची, रीतीची, फार तर लोकलाजेची; तिच्यात प्रांत, कलेक्टर आणि न्यायालये शिरली तरी केव्हा आणि कशी? नानांना उत्तर लिहिण्यापूर्वी हा इतिहास एकदा नीट पाहावा असे ठरविले. हा लेख म्हणजे त्या शोधाचीच टाचणे आहेत. आपल्यापैकी बहुतेकांचे आईबाप कऱ्हाड, अकोला, नाशिक, रत्नागिरी अशा ठिकाणी असतात व आपण बदलीच्या हुकुमाबरोबर देशभर फिरत असतो. तेव्हा हा विषय केवळ मद्रासच्या एका म्हातारीचा नव्हे, हे सांगणे नकोच.

धर्मशास्त्रापासून आरंभ करणे प्राप्त आहे. महामहोपाध्याय पां. वा. काणे ह्यांनी 'धर्मशास्त्राचा इतिहास' पाच खंडांत रचला, त्या विस्तीर्ण वाङ्मयात मनूच्या नावावर सांगितले जाणारे एक वचन वारंवार भेटते. वृद्ध मातापिता, साध्वी भार्या आणि अल्पवयी पुत्र ह्यांचे पोषण, वेळ पडल्यास शंभर अकार्ये करूनही, केलेच पाहिजे, असा त्याचा आशय आहे. 'मिताक्षरे'सारख्या प्रमाणग्रंथाने ते आधारास घेतले, आणि मिताक्षरा रचली गेली ती आपल्या मराठी मुलखाच्या उंबरठ्यावरील कल्याणी नगरीत, चालुक्यांच्या राज्यात. ह्या वचनात दोन गोष्टी ध्यानी घेण्याजोग्या आहेत. एक, हे कर्तव्य बिनशर्त आहे. बापाने काही दिले की नाही, हा प्रश्नच तेथे उद्भवत नाही. दुसरी, ते कर्तव्य न करणाऱ्यास पाप लागेल हे शास्त्र सांगते. पण टाकलेल्या बापाने आज सायंकाळी कोठे जेवावे, हे ते सांगत नाही. ते काम गोत, गाव आणि जातपंचायत ह्यांच्यावर सोडलेले होते. जोवर मुलगा त्याच गावात राहत होता तोवर त्या धाकाला अर्थही होता.

ज्यांना गाव नाही, गोत नाही अशांची सोय कोणी पाहावी? ह्या प्रश्नाचे उत्तर दक्षिणेत मराठ्यांनीच मोठ्या थाटाने दिले आहे. तंजावरच्या भोसले राजांनी रामेश्वराच्या वाटेवर ठिकठिकाणी छत्रे बांधली. १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार इंग्रज कंपनीकडे गेला, तेव्हाही ही छत्रे आपल्या हाती राहावीत ह्यासाठी सरफोजीराजांची केवढी धडपड चालली होती! १८०१ साली त्यांनी रेसिडेंट बेंजामिन टोरिन ह्यांस लिहिलेले पत्र प्रसिद्धच आहे. ब्राह्मणापासून अंत्यजापर्यंत आल्यागेल्या प्रत्येकास अन्न, अनाथ मुलांस शिक्षक व तेल-वस्त्र, तान्ह्या मुलांस दूध, गर्भवतींची सोय, वैद्य. आणि वाटेत आजारी पडलेल्या प्रवाशास तो बरा होईपर्यंत किंवा मरेपर्यंत आश्रय, मेल्यास त्याच्या धर्माप्रमाणे अंत्यविधी, असे त्या छत्रांचे वर्णन त्यांनी केले आहे. पुढच्याच वर्षी ओरत्तनाडू येथे मुक्तांबेच्या स्मरणार्थ त्यांनी उभारलेले छत्र आजही पाहावयास मिळते.

खुद्द मद्रास शहरातही अशीच एक संस्था आहे. १७८२ च्या सुमारास हैदरअलीच्या स्वाऱ्यांनी आणि दुष्काळाने गांजलेले लोक शहराच्या आश्रयास आले, तेव्हा रायपुरमच्या बाजूस पेज वाटण्याचे एक केंद्र निघाले. त्याचे नाव 'मोनेगार चौल्ट्री'. मोनेगार म्हणजे तमिळ मणियक्कारर, गावचा पाटील. आणि चौल्ट्री हा शब्द आपल्या 'चावडी'चा सोदर. पाटलाची चावडी, असेच मराठीत म्हणावयाचे! तेथे पेज प्यावयास आलेल्या आजाऱ्यांसाठी दवाखाना निघाला, त्या दवाखान्याच्या परंपरेतून पुढे आजचे स्टॅन्ली रुग्णालय वाढले. लोक त्याला अद्यापि 'कंजी तोट्टी' रुग्णालय, म्हणजे पेजेच्या कुंडाचे रुग्णालय म्हणतात. आणि ती मूळ चावडी? ती निराधार वृद्धांचे आश्रयस्थान होऊन राहिली. जवळजवळ अडीचशे वर्षांत दुष्काळ गेला, कंपनी गेली, राणीचे राज्य गेले. परंतु ज्यांना कोणी नाही अशी म्हातारी माणसे काही संपली नाहीत. ह्याच शहरात १८१२ साली स्थापन झालेली 'फ्रेंड-इन-नीड सोसायटी' आणि १९७८ साली सावित्री वैथी ह्यांच्या पुढाकाराने निघालेली 'विश्रांती' ही त्याच वाटेवरील पुढची ठाणी होत.

परंतु छत्र आणि चावडी ह्यांचा धर्म दयेचा. ज्याला कोणी नाही त्याला त्यांनी दार उघडले. ज्याला मुलगा आहे, मुलाला घर आहे, आणि त्या घरात बापाला जागा नाही, अशा म्हाताऱ्याची गाठ पडली म्हणजे धर्मशास्त्र मुलाकडे बोट दाखविणार आणि छत्र भाताची पत्रावळ पुढे ठेवणार. मुलाच्या दाराशी जाऊन त्याला 'दे' म्हणून सांगणारा अधिकारी दोन्हींकडे नव्हता. ती उणीव कायद्याने भरावयाची होती.

इंग्लंडात असा कायदा पूर्वीपासून होता. एलिझाबेथ राणीच्या कारकीर्दीतील १६०१ च्या दरिद्री-पोषणाच्या कायद्याने ऐपत असलेल्या मुलांवर दरिद्री, वृद्ध, आंधळ्या-पांगळ्या आईबापांच्या पोषणाची सक्ती केली होती. त्यामागील हेतू मातृपितृभक्तीचा नव्हता. गावच्या करदात्यांवरील बोजा कमी व्हावा, हा होता. राज्यकर्त्यांनी हा कायदा हिंदुस्थानात आणला नाही. त्यांनी आणली ती फौजदारी संहिता. तिच्या १८९८ च्या आवृत्तीतील कलम ४८८ अन्वये बायको आणि मुले ह्यांना पोटगी मागता येत असे. आईबापांचा त्यात उल्लेखही नव्हता. एकत्र कुटुंबाच्या देशात बाप पोटगी मागेल ही कल्पनाच त्या वेळी कोणास शिवली नसावी.

स्वातंत्र्यानंतर मात्र पावले पडू लागली. संविधानाच्या ४१ व्या अनुच्छेदाने वार्धक्य, आजार, बेकारी ह्यांत शासनाने आपल्या ऐपतीप्रमाणे साहाय्य करावे असे सांगितले. पण ते मार्गदर्शक तत्त्व, त्यासाठी न्यायालयात जाता येत नाही. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याच्या कलम २० ने वृद्ध अथवा दुर्बल आईबापांचे पोषण ही मुलगा व मुलगी ह्या दोघांची कायदेशीर जबाबदारी ठरविली, आणि 'आईबापां'त निपुत्रिक सावत्र आईचाही समावेश केला. पण हा मार्ग दिवाणी दाव्याचा. आणि दिवाणी दाव्याच्या निकालास सत्तरीतला माणूस पुरतोच असे नाही. मद्रास राज्याने १९६२ साली, कामराज मुख्यमंत्री असताना, निराधार वृद्धांसाठी निवृत्तिवेतन सुरू केले. ती योजना पुढे वाढत गेली, आणि २०२३ साली ह्या राज्यातील तिची रक्कम दरमहा १,२०० रुपये करण्यात आली. तीही मुख्यतः निराधारांसाठीच.

खरे वळण आले ते १९७३ च्या नव्या फौजदारी प्रक्रिया संहितेत. तिच्या कलम १२५ मध्ये बायको-मुलांच्या बरोबरीने प्रथमच 'आईबाप' हे शब्द आले. ऐपत असून जो आपल्या असमर्थ आईबापांची हेळसांड करील त्यास न्यायदंडाधिकारी दरमहा रक्कम देण्याचा हुकूम करील. रकमेची मर्यादा मात्र दरमहा ५०० रुपये; ती २००१ साली उठली. हेच कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४४ म्हणून नांदत आहे.

ह्या कलमाचा अर्थ लावणारा एक महत्त्वाचा निकाल आपल्या महाराष्ट्रातून निघालेला आहे, हे फारसे कोणास ठाऊक नसते. ठाणे जिल्ह्यातील कल्याण येथे वैद्यकीचा व्यवसाय करणाऱ्या एका विवाहित डॉक्टर कन्येवर तिच्या वडिलांनी पोटगीचा अर्ज केला. कन्येचे म्हणणे असे की, कलमात पुल्लिंगी सर्वनाम आहे. तेव्हा जबाबदारी मुलाची, मुलीची नव्हे. त्यातून ती लग्न होऊन दुसऱ्या घरी गेलेली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९८७ साली निकाल झाला: मुलगी विवाहित असली तरी, तिची स्वतःची ऐपत असल्यास, ती बापाच्या पोषणास बांधलेली आहे. 'लेक परक्याचे धन' ह्या आपल्याकडील पिढ्यान्‌पिढ्यांच्या समजुतीला कायद्याने दिलेला हा तडाखा होय. मिताक्षरा कल्याणीस लिहिली गेली आणि तिच्यापुढचा हा अध्याय दुसऱ्या कल्याणास सुरू झाला, हा नुसता नामसाम्याचा योगायोग. पण तो मला टिपून ठेवावासा वाटला.

तरीही न्यायालयाची पायरी चढणे म्हाताऱ्यांस अवघडच होते. हिमाचल प्रदेशाने २००१ साली आईबापांच्या निर्वाहाचा स्वतंत्र कायदा केला. त्यापूर्वी सिंगापूरने १९९५ साली, वॉल्टर वून ह्या प्राध्यापक-सदस्याने मांडलेल्या विधेयकावरून, असाच कायदा केला होता. येथे इतिहासाची एक गंमत आहे. इंग्लंडने १९४८ साली वृद्धांचा भार शासनावर घेतला आणि मुलांवरील साडेतीनशे वर्षांची सक्ती संपविली. आपण मात्र त्यानंतर पाव शतकाने ती सक्ती प्रथम फौजदारी कायद्यात आणली आणि साठ वर्षांच्या आत तिच्यासाठी स्वतंत्र कायदाही केला. शासनाची ऐपत नाही म्हणून कुटुंबास धरावयाचे, की कुटुंब आपल्यास प्रिय आहे म्हणून? दोन्ही खरे असावे. २०११ च्या शिरगणतीत देशात साठी उलटलेले लोक १० कोटींच्या वर होते, शेकडा ८.६. महाराष्ट्रात हे प्रमाण शेकडा ९.९, तमिळनाडूत १०.४. एवढ्यांना पोसण्याचे बळ सरकारी तिजोरीत नव्हते, हे उघड आहे.

अशा परिस्थितीत २००७ च्या मार्चमध्ये सामाजिक न्यायमंत्री मीरा कुमार ह्यांनी लोकसभेत विधेयक मांडले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस आईवडील व ज्येष्ठ नागरिक ह्यांच्या निर्वाहाचा व कल्याणाचा कायदा झाला. तो राज्यांनी आपापल्या मुलखात लागू करावयाचा होता. तमिळनाडूने २००८ च्या सप्टेंबरात, महाराष्ट्राने १ मार्च २००९ रोजी तो लागू केला.

ह्या कायद्याची रचना आपणां कचेरीतल्या माणसांस सहज कळण्यासारखी आहे. त्याने न्यायालयाऐवजी महसुली अधिकारी पुढे आणला. उपविभागीय अधिकारी, म्हणजे आपल्याकडचा प्रांत आणि इकडचा 'आर.डी.ओ.', हा न्यायाधिकरणाचा प्रमुख. त्याच्यावर अपील ऐकणारा जिल्हाधिकारी. वकिलास दूर ठेवावे, असा कलम १७ चा हेतू. अर्ज म्हाताऱ्याने स्वतः करावा, ते न जमल्यास त्याने अधिकार दिलेल्या कोणीही अथवा संस्थेने करावा. न्यायाधिकरण स्वतः होऊनही चौकशी करू शकते. निर्वाहात अन्न, वस्त्र, निवारा आणि औषधोपचार हे सारे आले. निकाल ९० दिवसांत, फार तर आणखी ३० दिवसांत लागावा. रक्कम दरमहा १०,००० रुपयांपर्यंत. हुकूम न पाळल्यास महिनाभरापर्यंत कैद. निपुत्रिकाचे पोषण त्याची मिळकत ज्याला मिळावयाची त्या नातेवाइकाने करावे. प्रत्येक जिल्ह्यात निदान एक, १५० निराधारांची सोय होईल असा वृद्धाश्रम टप्प्याटप्प्याने उभारावा. आणि आपल्यासारख्या बदलीवाल्यांनी विशेष लक्षात ठेवण्याचे कलम म्हणजे ६ वे: अर्ज म्हातारा राहतो त्या जिल्ह्यात करता येतो, तसाच मुलगा राहतो त्या जिल्ह्यातही करता येतो. बदली झाली म्हणून कर्तव्य मागे राहत नाही. ते आपल्या बोचक्याबरोबर येते.

१०,००० रुपयांची मर्यादा उठवावी, व्याख्या रुंदावाव्यात, ह्यासाठी २०१९ च्या डिसेंबरात एक दुरुस्ती-विधेयक लोकसभेत आले. ते मंजूर झाले नाही, आणि त्या लोकसभेबरोबरच तेही इतिहासजमा झाले.

आता ज्या कलमामुळे माझी झोप उडाली त्याकडे वळू. ते २३ वे. ज्येष्ठ नागरिकाने आपली मिळकत, घेणारा आपल्या मूलभूत गरजा भागवील ह्या अटीवर दिली आणि घेणाऱ्याने त्या भागविल्या नाहीत, तर तो व्यवहार फसवणुकीने झाला असे समजून रद्द करता येतो. 'ह्या अटीवर' हे दोन शब्द वाटतात लहान. पण सारे रण त्यांच्यावरच माजले आहे. अट लिहिलेली असावी, की मानलेली पुरे? २०२२ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात असे म्हटले की, दस्त अशा अटीवर झाला हे सिद्ध झाले पाहिजे. नुसत्या नात्यावरून ती गृहीत धरता येणार नाही. मद्रास उच्च न्यायालयाने २०२३ साली तिरुप्पूरच्या आणि पुढे नागपट्टणमच्या प्रकरणात म्हातारपणाच्या विश्वासालाच अट मानले. मधल्या काळात, २ जानेवारी २०२५ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने मध्य प्रदेशातील एका मातेचे प्रकरण निकालात काढले. तिने मुलाला बक्षीसपत्र करून दिले होते, आणि मुलाने आईला सांभाळीन असे वचनपत्र लिहून दिल्याचे तिचे म्हणणे होते. न्यायालयाने कायद्याच्या कल्याणकारी हेतूस अनुसरून उदार अर्थ घेतला, बक्षीसपत्र रद्द ठरविले आणि घराचा ताबा आईस परत देवविला.

दोन्ही बाजूंना काही म्हणणे आहे. अट लिहिलेलीच पाहिजे म्हणणारे सांगतात की, मालकी हक्क हा निश्चित हवा. नाहीतर प्रत्येक बक्षीसपत्र कायमचे टांगणीला लागेल, आणि भावाभावांच्या भांडणात एक भाऊ बापाला पुढे करून दुसऱ्याचा दस्त मोडील. ह्याच कायद्याचा आधार घेऊन सासूसासऱ्यांनी सुनेला घराबाहेर काढल्याचीही उदाहरणे घडली आहेत. बंगळूरच्या अशा एका प्रकरणात २०२० साली सर्वोच्च न्यायालयास सांगावे लागले की, कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणाऱ्या २००५ च्या कायद्याने सुनेस मिळालेला निवाऱ्याचा हक्क ह्या कायद्याने पुसला जात नाही. उलट बाजू म्हणते: आपल्या पोटच्या पोराकडून 'मला जेवू घालशील' असे लिहून घ्यावयास कोणत्या आईची जीभ रेटेल? जिने विश्वास ठेवला तिलाच त्या विश्वासापायी कायदा शिक्षा करणार काय? मला दुसरी बाजू अधिक पटते. परंतु पहिली बाजू खोटी आहे असे मात्र म्हणवत नाही.

कायद्याला न दिसणाऱ्याही गोष्टी पुष्कळ आहेत. कलम २४ अन्वये वृद्धास कायमचे टाकून देण्याच्या हेतूने कोठे सोडून देणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा आहेत. पण जो टाकीत नाही, घरातच ठेवतो आणि बोलतही नाही, त्याचे काय? ताट पुढे सरकावताना झालेला आवाज कोणत्या न्यायाधिकरणास ऐकू जाणार? आणि त्याहून भयंकरही आहे. ह्या राज्याच्या दक्षिणेकडील विरुदुनगर जिल्ह्याच्या बाजूस 'तलैक्कूत्तल' नावाची चाल आहे. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याला पहाटे डोक्यावरून तेल घालून गार पाण्याने न्हाऊ घालावयाचे, वर शहाळ्याचे पाणी पाजीत राहावयाचे, की चार दिवसांत तापाने सारे आटोपते. २०१० साली एक वृद्ध आपल्यासाठी चाललेली ही तयारी ओळखून घरातून निसटला, तेव्हा तिची वाच्यता वर्तमानपत्रांतून झाली. पुढे 'बारम्' ह्या तमिळ चित्रपटाने हाच विषय घेतला व राष्ट्रीय पारितोषिक मिळविले. बारम् म्हणजे भार. हे कृत्य कोणत्याही संहितेत खूनच आहे. त्यासाठी नवे कलम नको. परंतु जेथे सारे घर आणि शेजार मिळून गप्प राहतात तेथे फिर्याद देणार कोण? २०२१ पासून देशभर १४५६७ ह्या क्रमांकावर वृद्धांसाठी दूरध्वनी-साहाय्य सुरू झाले, त्याचा उपयोग आहेच. पण फोनपर्यंत हात पोहोचणाऱ्यालाच.

आपण नोकरदार मंडळी ह्या साऱ्यांतून सुटलो, असे कोणी समजू नये. आसाम सरकारने २०१७ साली खास आपल्या कर्मचाऱ्यांसाठी कायदा केला. आईबापांची हेळसांड केल्यास पगारातून शेकडा दहा कापून ते परस्पर आईबापांना द्यावयाचे. आपल्या लातूरच्या जिल्हा परिषदेने तर २०२० साली शेकडा तीस कापण्याचा ठराव केला, आणि लागलीच सात कर्मचाऱ्यांचे वेतन कापून आईबापांच्या खात्यावर जमा केले. त्यांत शिक्षकही होते, असे वर्तमानपत्रांत आले, तेव्हा ते वाचून मला हसू आले नाही. शिकलेला मुलगा आईबापाला सांभाळील ही आपल्या सबंध मध्यमवर्गाची पैज होती.

आणि आता माझेच सांगतो. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मी नानांच्या खात्यावर पैसे पाठवितो. ते कधी चुकलेले नाही. कलमाच्या दृष्टीने मी निर्दोष आहे. परंतु गेल्या पावसाळ्यात आई अंगणात पडली, तेव्हा तिला उचलावयास शेजारची मुलगी धावली आणि मला ती बातमी चार दिवसांनी कळली. 'तू इतक्या लांब, उगाच जिवाला घोर,' असे नानांचे स्पष्टीकरण. चेन्नईस या म्हटले तर भाषा येत नाही, उकाडा सोसत नाही, आणि गावचा देव सुटत नाही. मी बदली मागितली. अर्ज विचाराधीन आहे. ह्याला हेळसांड म्हणावयाचे की नाही, हे ठरविणारे न्यायाधिकरण अद्याप निघावयाचे आहे.

अशा मनःस्थितीत नानांच्या पत्राचे उत्तर राहिले होते. त्यांना घर देऊ नका म्हणावे, तर 'माझ्यावर विश्वास नाही काय' ऐवजी 'तुझा तुझ्यावरच विश्वास नाही काय' असे ते विचारतील. घ्यावे, तर उद्या मी राहीन न राहीन. नागपट्टणमच्या त्या म्हातारीचा मुलगा वाईट होता असे कोठे म्हटले आहे? तो केवळ आधी गेला. इतिहास वाचून मला एवढे कळले की, शास्त्राने मुलाच्या धर्मबुद्धीवर भिस्त ठेवली, राजाने दयेवर ठेवली, आणि कायदा अखेर कागदावर ठेवतो. तिन्ही थोडे थोडे अपुरे पडतात. पण ज्या दिवशी पहिली दोन नसतील त्या दिवशी तिसरे तरी हाताशी असावे.

मागच्या रविवारी उत्तर लिहिले. ती. नानांस शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष. घराविषयी लिहिलेत ते वाचले. माझे मत असे की, घर तुमच्याच नावे राहू द्यावे आणि हवे तर मृत्युपत्र करावे. तुमचा आग्रहच असेल तर बक्षीसपत्र करू, पण त्यात एक वाक्य माझ्या सांगण्यावरून घालावयाचे आहे: तुमचा व आईचा अन्न, वस्त्र, निवारा, औषधपाणी हा सर्व भार घेणाऱ्यावर राहील, आणि तो त्याने वाहिला नाही तर दस्त रद्द समजावा, घेणाऱ्याच्या वारसांसही हे बंधनकारक राहील. हे वाक्य तुम्हांला लागेल हे मला ठाऊक आहे. म्हणून ते तुम्ही घातले नसून मी घातले आहे असे दस्तलेखकास सांगा.

काल नानांचा फोन आला. खुशाली विचारली, पाऊस नाही म्हणाले, आईच्या गुडघ्यांस नवे तेल चालू केल्याचे सांगितले. पत्राविषयी एक अक्षर बोलले नाहीत. म्हणजे उत्तर कागदावर येत आहे.